वाचकांचे प्रश्न : ‘माझी हवा कमी केली बघ’

मागील अंकात ग्रामीण भागातील शासकीय रुग्णालयांविषयी लिहिताना एप्रिल २०२१ मधील एका रात्रीचा उल्लेख मी दोन ओळींत उरकला होता. सांगली जिल्ह्यातील एका शासकीय रुग्णालयात मी तेव्हा फिजिशियन होतो आणि हातातील ऑक्सिजन सकाळपर्यंत पुरणार नाही हे आम्हाला त्या रात्री अकराच्या सुमारास कळले होते. त्या दोन ओळींवर आलेल्या पत्रांपैकी तीन येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. ते आखूड करावे असे मला वाटले नाही.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. माझे वडील एप्रिल २०२१ मध्ये एका शासकीय रुग्णालयात दाखल होते. वय ६३, मधुमेह होता. तिसऱ्या रात्री त्यांचा मला फोन आला. म्हणाले, “पोरी, माझी हवा कमी केली बघ. बाटलीतलं बुडबुडं निम्म्यावर आलं. पलीकडच्याला दिली वाटतं.” मी सिस्टरांना फोनवर विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “नव्वदच्या वर आहेत, पुरे आहे.” त्या वेळी मी रेमडेसिव्हिरसाठी कोल्हापुरात एका रांगेत उभी होते. पाचव्या दिवशी वडील गेले. माझ्या वडिलांचा ऑक्सिजन खरोखरच काढून दुसऱ्याला दिला असेल का? आणि दिला असेल, तर तसा अधिकार डॉक्टरांना कोणी दिला? — एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : ताई, तुमच्या वडिलांचे केसपेपर मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या मृत्यूचे कारण सांगण्याचा आव मी आणणार नाही. मात्र तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देता येते. होय, त्यांचा ऑक्सिजन कमी केला गेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती रात्र आमच्या रात्रीसारखी असेल, तर तो दुसऱ्या कोणाला पुरावा म्हणूनच कमी केला गेला असेल. बाटलीतील बुडबुड्यांवरून वडिलांनी जे ओळखले, ते बरोबर ओळखले.

आमच्याकडे त्या रात्री काय झाले, ते सांगतो. ४० रुग्ण ऑक्सिजनवर होते. त्यांतील एक जण हाय फ्लो यंत्रावर, म्हणजे नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर, होता आणि त्याला मिनिटाला ५० लिटर ऑक्सिजन लागत होता; उरलेल्या ३९ जणांना सरासरी ९ लिटर. म्हणजे सगळे मिळून मिनिटाला साधारण ४०० लिटर. एका जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो आणि मॅनिफोल्डच्या खोलीत, म्हणजे जेथे सिलिंडर जोडून नळीने वॉर्डात ऑक्सिजन सोडतात तेथे, भरलेले सिलिंडर होते २२. खोलीतल्या मामांनी पाना खाली ठेवला, खडूने भिंतीवर २२ चा आकडा लिहिला आणि माझ्याकडे पाहिले. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी भागाकार केला : ३८५ मिनिटे. पहाटे साडेपाच वाजायच्या आत संपणार. आमचे सिलिंडर जेथे भरले जात, तेथे द्रव ऑक्सिजनचा टँकरच पोहोचला नव्हता. तो पुण्याच्या बाजूने महामार्गाने येऊन पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळणार, मग सिलिंडर भरले जाणार आणि मग आमची गाडी निघणार. ती सातच्या आत येणे शक्य नाही, असे फोनवर सांगण्यात आले. शिवाय सिलिंडर शेवटच्या थेंबापर्यंत वापरता येत नाही, थोडा दाब शिल्लक असतानाच बदलावा लागतो, त्यामुळे कागदावरचा हिशेब प्रत्यक्षात नेहमी थोडा तोकडाच पडतो.

हा तुटवडा केवळ आमच्या तालुक्याचा नव्हता. कोविडपूर्वी देशभरात वैद्यकीय वापरासाठी दिवसाला सुमारे ७०० टन द्रव ऑक्सिजन लागत असे. दुसऱ्या लाटेत ही गरज ९,००० टनांच्या आसपास गेली. ऑक्सिजन कारखान्यांत तयार होत होता, पण तो उणे १८३ अंशांवर द्रवरूपात वाहून नेणारे टँकर मोजके होते, आणि रस्त्यावरचा प्रत्येक टँकर कोणत्या ना कोणत्या जिल्ह्याला हवा होता. अर्थात हे सर्व मला नंतर समजले. त्या रात्री माझ्यापुरता देश म्हणजे २२ सिलिंडर होते.

४०० लिटरचे ३०० करता आले, तर २२ सिलिंडर सकाळी साडेसातपर्यंत जाणार होते. मी, बंधपत्रावर (सक्तीच्या शासकीय सेवेसाठी) आलेला एक तरुण डॉक्टर आणि वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर असे तिघे एका टोकापासून निघालो. ज्यांच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी ९६-९८ टक्के होती, त्यांच्या फ्लोमीटरमधील (प्रवाह दाखवणाऱ्या नळीतील) गोटी एका लिटरने खाली आणायची, बोटाला ऑक्सिमीटरचा प्रोब ठेवून दहा मिनिटे थांबायचे, ९२ च्या वर राहिले तर आणखी एक लिटर कमी करायचा, खाली गेले तर पुन्हा पूर्ववत करायचे. पिशवीचा मास्क (ज्याला ऑक्सिजन साठवणारी पिशवी जोडलेली असते तो) मिनिटाला १० लिटरच्या खाली चालवला तर पिशवी चपटी होते आणि रुग्ण घुसमटतो, म्हणून जेथे शक्य होते तेथे तो काढून साधा मास्क किंवा नाकातील नळी लावायची. सगळ्यांना पालथे झोपवायचे, कारण फुप्फुसाचा पाठीकडचा भाग उघडतो आणि तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये पातळी दोन-चार अंकांनी वर येते. १२ जण आधीच ९२ च्या खाली होते. एक अपवाद सोडता त्यांच्या नॉबला आम्ही हात लावला नाही.

येथे शरीराचे एक गणित तुम्हाला माहीत असायला हवे, कारण ‘निम्मी हवा’ म्हणजे निम्मा जीव, असे तुमच्या मनात बसले असणार. रक्तातील हिमोग्लोबिन म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी तासगाव स्टँडवरून सुटणारी एसटी समजा. १०० पैकी ९३ जागा भरलेल्या असताना दाराशी आणखी २०० माणसे उभी केली, तरी आत बसणार सातच. पातळी ९३ ची ९९ झाल्याने शरीराला पोहोचणारा ऑक्सिजन फार थोडा वाढतो, आणि त्या थोड्यासाठी सिलिंडर मात्र दुपटीने रिकामा होतो. म्हणूनच आपल्याकडील कोविड उपचाराच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ९२ ते ९६ ही पातळी राखण्यास सांगितले होते. जागतिक आरोग्य संघटनेने स्थिर झालेल्या प्रौढ रुग्णासाठी ९० च्या वरची पातळी पुरेशी मानली होती. तेव्हा सिस्टर जे म्हणाल्या ते वैद्यकीय दृष्ट्या चूक नव्हते. चूक एवढीच, की हे गणित तुम्हाला आणि तुमच्या वडिलांना कोणी समजावून सांगितले नाही. बुडबुडे कमी झाले, एवढेच त्यांना दिसले.

आता ज्या माणसामुळे मी मागील लेखात दोन ओळींवर थांबलो होतो, त्याच्याविषयी. हाय फ्लो यंत्रावरील तो एक रुग्ण ४१ वर्षांचा होता, ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवीत असे. त्याची पातळी ५० लिटरवर ९१ होती. आम्हाला एकूण १०० लिटर वाचवायचे होते आणि त्यांतील ३५ लिटर त्या एकट्याचे यंत्र बंद करून पिशवीच्या मास्कवर आणल्याने वाचत होते. त्याच्या बाबतीत ‘९३ काय आणि ९९ काय’ हा युक्तिवाद लागू नव्हता. त्याला तो ऑक्सिजन खरोखरच लागत होता. मी यंत्र बंद केले. पातळी ८४ वर गेली. पालथे झोपवून, पाठीवर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायला लावला, तेव्हा पाऊण तासाने ती ८८ वर स्थिरावली. पहाटे १०८ ची गाडी मिळाली तेव्हा सर्वांत आधी त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिसऱ्या दिवशी तेथे त्याचा मृत्यू झाला. त्या सहा तासांनी त्याचे काय केले, हे मला सांगता येत नाही आणि दुसऱ्या कोणालाही सांगता येणार नाही.

सिलिंडरची गाडी पावणेसातच्या सुमारास फाटकातून आत आली. तेव्हा दोन भरलेले आणि एक अर्धवट सिलिंडर शिल्लक होता.

यंत्र बंद करण्याचा निर्णय मी आजही बदलणार नाही. पण त्याची पत्नी रात्रभर फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून होती आणि एकच्या सुमारास तिने विचारले, तेव्हा मी तिला म्हणालो, “मशीन बदललंय ताई, काळजी करू नका.” हे खोटे होते. केसपेपरवर मी ‘पिशवीच्या मास्कवर घेतले’ इतकेच लिहिले. कारण लिहिले नाही. ऑक्सिजन वाटून घेणे भाग होते. ते लपवणे भाग नव्हते, आणि तरीही मी लपवले, कारण मला त्या कट्ट्यावरच्या ३० माणसांची भीती वाटत होती.

अधिकार कोणी दिला, हा तुमचा दुसरा प्रश्न. लेखी आदेश कोणीही दिला नव्हता. एकापेक्षा अधिक जीव धोक्यात असताना साधन कोणाला आधी द्यायचे याचे निकष वैद्यकशास्त्रात आहेत, युद्धाच्या आणि अपघातांच्या अनुभवातून ते तयार झाले आहेत. पण आमच्या रुग्णालयात ते अशा प्रसंगासाठी आधी कधी कागदावर आलेले नव्हते. त्यामुळे जो रुग्णावर उपचार करीत होता, त्यानेच त्याच रुग्णाचा नॉब फिरवायचा, असा प्रकार झाला. माझ्या मते हे दोन माणसांचे काम आहे. उपचार करणाऱ्याने आपल्या रुग्णासाठी भांडावे आणि वाटपाचा निर्णय दुसऱ्या ज्येष्ठ डॉक्टरने, आधी ठरलेल्या निकषांनी, सही करून घ्यावा. आमच्याकडे तो दुसरा डॉक्टर नव्हता. तोही पॉझिटिव्ह येऊन घरी पडला होता.

रेमडेसिव्हिरविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, पण पत्रातील ते वाक्य मी दोनदा वाचले. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयातील कोविड रुग्णांना रेमडेसिव्हिर देऊ नये, असा सल्ला दिला होता, कारण त्याने मृत्यू टळतात असा पुरावा तिला तेव्हा मिळाला नव्हता. मृत्यू कमी करणारे औषध म्हणून जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत पुढे आले ते डेक्सामेथासोन : व्हेंटिलेटरवरील रुग्णांत मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांत एक-पंचमांशाने घटले. ते प्रत्येक शासकीय रुग्णालयाच्या कपाटात पडलेले, अगदी स्वस्त इंजेक्शन आहे. मग लोक कोल्हापूर-पुण्यापर्यंत का धावले? कारण चिठ्ठी आम्ही लिहून दिली. हातात दुसरे काही नसताना नातेवाइकांना काहीतरी करायला लावणे डॉक्टरला सोपे जाते. तुम्ही रांगेत उभ्या होतात त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. तो चिठ्ठी लिहिणाऱ्याचा आहे, आणि अशा चिठ्ठ्या मीही लिहिल्या आहेत.

तुम्हाला पुढे जायचे असेल, तर रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे केसपेपरच्या प्रतीसाठी अर्ज करा. शासकीय रुग्णालय असल्याने माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखालीही मागता येईल. प्रत मिळाल्यावर सिस्टरांनी दर दोन-चार तासांनी भरलेला तक्ता पाहा. त्यात वेळ, पातळी, किती लिटर आणि कोणता मास्क हे चार रकाने असतात. तिसऱ्या रात्री लिटर कमी केल्यानंतरच्या नोंदी ९० च्या वर राहिल्या असतील, तर त्या कमी करण्याने तुमच्या वडिलांचे नुकसान झाले नाही, असे तुम्ही बऱ्याच खात्रीने धरू शकता. पातळी घसरली आणि लिटर पुन्हा वाढवले नाहीत असे दिसले, तर ते का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि रकाने कोरेच असतील, तर त्याचा अर्थ दुर्लक्ष असा लगेच काढू नका. ४० रुग्णांमागे दोन सिस्टर असलेल्या रात्री तक्ते कसे राहून जातात, ते मी पाहिले आहे.

प्रश्न : मी सध्या सातारा जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात बंधपत्राच्या सेवेत आहे. रक्त, औषध किंवा ऑक्सिजन कमी पडला, तर नातेवाइकांना काही सांगू नका, जमाव होतो आणि मार आपल्याला बसतो, असे ज्येष्ठ सहकारी सांगतात. तुमचे मत काय? — एक तरुण डॉक्टर, पाटण तालुका

उत्तर : तुमच्या ज्येष्ठांची भीती निराधार नाही. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. पण रात्री दोन वाजता काच फुटते तेव्हा कायदा पोलीस ठाण्यात झोपलेला असतो, हे मला ठाऊक आहे.

तरीही माझा अनुभव त्यांच्या सल्ल्याच्या उलट आहे. जमाव बातमीने होत नाही, अर्धवट बातमीने होतो. रिकामे सिलिंडर घेऊन जाणारी ट्रॉली एकाने पाहिली, की अर्ध्या तासात फाटकावर ‘आतला ऑक्सिजन संपला’ हे पक्के झालेले असते. त्या रात्रीनंतर साधारण तीन आठवड्यांनी आमच्यावर तशीच वेळ पुन्हा आली. त्या वेळी मी आणि इन्चार्ज सिस्टर दोघेही संध्याकाळी सातलाच कट्ट्यावर गेलो आणि सांगितले : इतके सिलिंडर आहेत, इतक्या वेळापर्यंत पुरतील, गाडी अमुक वेळेला अपेक्षित आहे, तोवर ज्यांची पातळी चांगली आहे त्यांचा थोडा कमी करून सगळ्यांना पुरवणार आहोत, आणि दहा वाजता पुन्हा येऊन काय झाले ते सांगू. एक जण खूप ओरडला. दोघे उठून गेले आणि तासाभराने वेल्डिंगच्या दुकानातला सिलिंडर टेम्पोत घालून घेऊन आले. औद्योगिक सिलिंडर स्वच्छ आणि तपासलेला नसतो, तसाच रुग्णाला लावता येत नाही, हे त्यांना समजावताना माझा घसा बसला. पण बाकीच्यांनी विचारले, “आम्ही काय करू?” ज्यांना मास्क आणि गाऊन देता आले, अशा चार जणांना आत घेतले. रुग्णांना पालथे ठेवणे, आणि कोणी जेवायला किंवा शौचालयात गेला की त्याचा नॉब बंद करणे, एवढेच काम त्यांना दिले. मास्क उशीवर पडलेला आणि ऑक्सिजन गादीला मिळतोय, असे चित्र वॉर्डात किती वेळा दिसते, हे तुम्हीही पाहिले असेल. ही गळती हेरण्यासाठी नंदुरबार जिल्ह्यात त्या काळात खास ‘ऑक्सिजन नर्स’ नेमण्याची पद्धत सुरू झाली होती. आमच्याकडे माणसे नव्हती, ते काम नातेवाइकांनी केले.

सांगायचे ते उभ्याने, दारातून, चालता चालता सांगू नका, बसा. बोलणारा एकच असू द्या आणि तो शक्यतो सर्वांत ज्येष्ठ असावा. सिस्टरांना एकट्यांना पुढे करणे हा भेकडपणा आहे आणि आपल्या व्यवसायात तो सर्रास चालतो. पुन्हा किती वाजता येऊ ते सांगा, आणि सांगण्यासारखे काही नसले तरी त्या वेळेला जा. वरिष्ठांना आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन केलात, की लगेच वेळ टाकून लेखी संदेशही पाठवा. आणि केसपेपरवर कारण लिहा. ‘ऑक्सिजनच्या तुटवड्यामुळे प्रवाह कमी केला’ हे वाक्य लिहिताना हात थरथरतो, पण पुढे एखाद्या मुलीला आपल्या वडिलांविषयी विचारायचे असेल, तर तिला उत्तर देणारा तोच एक कागद असतो.

प्रश्न : पुन्हा तशी वेळ आली तर असावा, म्हणून घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेऊन ठेवावा का? — एक वाचक, विटा

उत्तर : डॉक्टरांनी दीर्घकाळच्या आजारासाठी सांगितले नसेल, तर नको. घरगुती यंत्र हवेतील नायट्रोजन झिओलाइट नावाच्या खनिजात अडकवून मिनिटाला साधारण ५ लिटर, सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देते. त्यात साठा नसतो, वीज गेली की तो बंद, आणि वापराविना दोन-तीन वर्षे कोपऱ्यात पडलेले यंत्र ऐन वेळी किती शुद्धता देईल याचा भरवसा नाही. ज्याला जास्त लागतो त्याला ते अपुरे पडते, आणि जुना दमेकरी किंवा धूम्रपानाने फुप्फुसे खराब झालेला रुग्ण असेल, तर मनाने जास्त ऑक्सिजन लावणे घातकही ठरते.

त्याऐवजी तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात जा. कोविडकाळात अनेक शासकीय रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प बसवले गेले. तत्त्व तुमच्या घरगुती यंत्राचेच, आकार मोठा. ते रोज थोडा वेळ चालवावे लागतात, गाळण्या बदलाव्या लागतात आणि शुद्धता मोजावी लागते. तुमच्याकडे असा प्रकल्प असेल, तर तो शेवटचा कधी चालवला, शुद्धतेची नोंद कोणत्या वहीत आहे, वीज गेल्यावर तो जनरेटरवर चालतो का, आणि आज भरलेले जम्बो सिलिंडर किती आहेत, हे चार प्रश्न अधीक्षकांना किंवा रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना विचारा. वही दाखवा, असेही म्हणा. आमच्या मॅनिफोल्डच्या खोलीत त्या रात्रीपर्यंत अशी वही नव्हती. भिंतीवर खडूने लिहिलेला आकडा होता, आणि तो सकाळी झाडणाऱ्या मावशींनी पुसून टाकला.